जुनं रंधा मशीन घेतलंय, सुरुवात कुठून करू?

पटाशी: कोल्हापुरात एका बंद पडलेल्या वर्कशॉपमधून नऊ इंची रंधा मशीन उचललं. बीड (ओतीव लोखंड) जाडजूड, पण वरून सगळं तांबूस. शाफ्ट हाताने फिरवला की करकर वाजतं. मोटर २ एचपी थ्री फेज, माझ्याकडे सिंगल फेज. सोबत गंजून घट्ट बसलेला एक शिकंजा फुकट मिळाला. बायको म्हणते, पैसे देऊन भंगार आणलंस. आधी रंग काढू का?

गिरमिट: रंगाला शेवटी हात लावा हो. आधी टेबलांवर सरळ पट्टी आडवी-तिरकी धरा, मागून बॅटरी मारा, उजेड कुठून येतो ते बघा. बोल्टांच्या भोवती बिडाला तडा आहे का तेही बघा. आणि कटर ब्लॉक (पाती बसवलेला फिरता दांडा) गोल आहे की चौकोनी? चौकोनी असेल तर मशीन चालवूच नका. पात्यापुढच्या फटीत बोट खोलवर ओढलं जातं. मी वर्कशॉपमध्ये पाहिलंय, त्यावर जास्त लिहीत नाही.

भुस्सा: करकर म्हणजे बेअरिंग गेलं. जुन्याच्या कडेला नंबर कोरलेला असतो. शेवटच्या दोन आकड्यांना पाचाने गुणलं की शाफ्टचा व्यास मिळतो, म्हणजे ६२०५ असेल तर २५ मिमी. (०४ च्या खालच्यांना हा हिशोब लागू नाही.) दोन्ही बाजूंना रबर सील असलेलंच घ्या, भुसा आत जात नाही. चढवताना पाइपाचा तुकडा आतल्या रिंगवर टेकवून ठोका. बाहेरच्या रिंगवर ठोकलंत तर नवं बेअरिंग पहिल्याच दिवशी खराब.

मोटर विकू नका. सिंगल फेजवर चालणारा व्हीएफडी (सिंगल फेजमधून थ्री फेज करून देणारा डबा) मिळतो. तो २३० व्होल्टच देतो, म्हणून ४१५ व्होल्टची स्टारमधली (तिन्ही वाइंडिंगची एकेक टोकं एका गाठीत) मोटर डेल्टात (टोकाला टोक, त्रिकोणात) जोडावी लागते. टर्मिनल बॉक्समध्ये सहा टोकं आहेत का बघा. अर्थिंग विसरू नका.

गिरमिट: शिकंजा सोपा आहे. १० लिटर पाण्यात अर्धा किलो लिंबूसत्व, रात्रभर बुडवा, सकाळी तारेच्या ब्रशने घासा. मग धुण्याच्या सोड्याच्या पाण्यातून काढून लगेच कोरडा करा आणि तेल लावा. जेवून येईपर्यंत ठेवलात तर परत तांबूस होतो. मशीनच्या टेबलाला मात्र डिझेल आणि बारीक पॉलिश पेपरच. ग्राइंडर लावलात तर सपाटी गेली.

पटाशी: ब्लॉक गोल निघाला! बेअरिंग ६२०५च. आत ग्रीस आणि भुशाचा लाडू झाला होता. शिकंजा फिरायला लागला. पण टर्मिनल बॉक्समध्ये तीनच टोकं आहेत.

भुस्सा: म्हणजे स्टारची गाठ आत मारलीय. कोल्हापूरच्या उद्यमनगरात मोटर वाइंडिंगवाल्याकडे न्या, ती सोडवून सहा टोकं बाहेर काढायला सांगा. नेताना मोटरवरच्या माहितीच्या पाटीचा फोटो काढून ठेवा, परत येताना ती बऱ्याचदा हरवलेली असते.