मदत हवी आहे: सोलां (आमसुलं) पांढरी पडली, पाऊस तोंडावर, लवकर सांगा

म्हापशेकरीण (२८ मे, सकाळी ९:०५)
दहा किलो भिरंडं (कोकमाची फळं) आणली होती. नेहमी करतात तशी सोलां घातली. आज चौथा दिवस, सगळ्यांवर पांढरं आलंय आणि खाली काळपट पाणी सुटतंय. गेल्या वर्षी अख्खं पुरुमेंत (पावसाळ्याची साठवण) फेकावं लागलं, यंदा ते नको. परवापासून पाऊस सांगितलाय. काय करू? कृपया कोकमाचे फायदे सांगत बसू नका, ते माहीत आहेत.

मिठागर_४०३ (९:२०)
"नेहमी करतात तशी" म्हणजे कशी, बाय? मीठ किती, जाडं की पुडीतलं? पुटं, म्हणजे मिठाच्या रसात बुडवून वाळवणं, किती दिली? कशावर वाळत घातलीत?

सत्तरीकर (९:२६)
आधी एक सांगा, पांढरं म्हणजे दाणे की कापूस? एक सोल उजेडात तिरपं धरा. मीठ असेल तर खडे चमकतात, नखाला कडक लागतात आणि वाटीभर पाण्यात सोल टाकलं की दोन मिनिटांत विरघळतात. बुरशी असेल तर लव दिसते, चमक नसते, पाण्यात टाकली तरी सालीला धरून राहते आणि कुबट वास येतो. मिठाला घाबरून चांगली सोलां फेकणारे पुष्कळ आहेत. गेल्या वर्षी तुम्हीही तेच केलंत की काय कोण जाणे.

फोंड्याचं_रांधप (९:४०)
शिरक्यात (व्हिनेगरमध्ये) फडका बुडवून पुसून घ्या आणि कडक उन्हात दोन दिवस ठेवा. बुरशी जाते. इतकी चर्चा कशाला?

सत्तरीकर (९:४८)
नाही जात. वरची लव निघते, सालीत शिरलेले धागे तिथेच राहतात. काही बुरश्या विषारी द्रव्यं सोडतात, ती पुसून किंवा उन्हात ठेवून जात नाहीत. शिवाय भिरंड मुळातच शिरक्यापेक्षा आंबट. आंबटपणाने बुरशी मेली असती तर ती धरलीच नसती. आंबटपणा जिवाणूंना रोखतो, बुरशीला नाही. तिला रोखतो कोरडेपणा, आणि मीठ नेमकं तेच काम करतं: सालीतलं पाणी बांधून ठेवतं.

म्हापशेकरीण (१०:१५)
काही सोलांवर दाणे आहेत, पाण्यात विरघळले. काहींवर लव आहे, दोन-तीनवर हिरवट ठिपके. मीठ जाडं, गावठी. पुटं दोन दिली. रात्री गच्चीवरच ठेवते, वर प्लास्टिक घालते. बरणीत आगळ (भिरंडाचा खारवलेला रस) घातलाय, त्याच्यावरही पांढरी साय आलीय. तेही सांगा.

मिठागर_४०३ (१०:३१)
गच्ची, प्लास्टिक, आगळ, हे सगळं आता सांगताय!

प्लास्टिक हेच मूळ. दिवसभर तापलेल्या सालीतून रात्रीही वाफ निघते, ती प्लास्टिकला आतून चिकटते आणि पहाटे थेंब होऊन परत सोलांवर पडते. सकाळी प्लास्टिक उलटं करून बघा, ओलं असेल. चार वाजले की सोलां आत घ्या, सुपात एकेरी पसरा, वर पातळ मलमल, पंखा चालू.

दुसरं, दोन पुटं कमी आहेत. सालं मिठाच्या रसात रात्रभर बुडवायची आणि दुसऱ्या दिवशी वाळवायची, असं पाच-सात वेळा व्हायला हवं. दर पुटागणिक मीठ आणि आम्ल सालीत मुरत जातं. दोन पुटांत वरचा थर खारट होतो, आत नुसतं पाणी.

बांद्याचा_बबन (१०:५०)
गावठी मीठच वापरा, पुडीतलं नको. आयोडीनने सोलां काळी पडतात.

मिठागर_४०३ (११:०४)
काळी पडतात ती उन्हाने आणि हवेने. रंग अँथोसायनिन या रंगद्रव्याचा, तो दोन्हीला टिकत नाही. सोल काळंच असायचं, त्याची काळजी नको.

गावठी मिठाचं मात्र एक आहे. शुद्ध मीठ हवेतली आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की पाणी ओढायला लागतं. गावठी मिठात मॅग्नेशियमची कडवट क्षारं असतात, ती याच्या खूप आधीपासून ओढतात. मे अखेरीस गोव्यात रात्रीची हवा ७५ च्या वरच असते. यंदाचं ताजं मीठ घातलं असेल तर सुटलेलं बरंचसं पाणी त्याचंच. गावठी वापरायचं तर वर्षभर पोत्यात निथळलेलं घ्या, कडू पाणी खाली गळून गेलेलं असतं. नाहीतर पुडीतलं चालेल, काही बिघडत नाही.

फोंड्याचं_रांधप (११:१०)
आमच्याकडे मिठाशिवायच करतात. छान होतात.

सत्तरीकर (११:१२)
एप्रिलच्या कोरड्या उन्हात होतात. आज २८ मे.

तरुण_गोंयकार (११:३०)
कोकमाने वजन कमी होतं ना? त्यात एचसीए असतं असं वाचलं. रोज किती आगळ घ्यावा?

डॉक्टर_नव्हे_आहारतज्ज्ञ (११:५२)
भिरंडाच्या सालीत हायड्रॉक्सिसिट्रिक आम्ल, म्हणजेच एचसीए, भरपूर असतं, आंबटपणा मुख्यतः त्याचाच. वजन कमी होण्याचा पुरावा मात्र फार तोकडा. बाजारात मिळणाऱ्या गोळ्या बहुधा गार्सिनिया कॅम्बोजियाच्या, ती याच कुळातली वेगळी जात, आणि तशा गोळ्यांनी यकृताला इजा झाल्याची प्रकरणं नोंदलेली आहेत. कडीतलं सोल वेगळं, गोळीतला अर्क वेगळा.

रोज आगळ पिण्याआधी मिठाचा हिशेब करा. १५ टक्के मिठाच्या आगळात दोन चमचे, म्हणजे १० मिली, घेतले की जवळजवळ दीड ग्रॅम मीठ पोटात जातं. जागतिक आरोग्य संघटनेची दिवसाची मर्यादा ५ ग्रॅमची आहे. रक्तदाब असेल तर बिनमिठाची सोलं भिजवून तिवळ (सोलांचं आंबट पेय) करा.

म्हापशेकरीण (१२:०५)
मी फायदे नको म्हटलं होतं. माझ्या आगळाचं सांगा ना कुणीतरी.

मिठागर_४०३ (१२:१४)
भिरंडं किती, मीठ किती, बरणी कसली?

म्हापशेकरीण (१२:२०)
तीन किलोचा आगळ, सालं आणि गर दोन्ही. मीठ चार मुठी. बरणी काचेची. सोलांची परात अॅल्युमिनियमची, त्याने फरक पडतो का?

मिठागर_४०३ (१२:४५)
पडतो. परात आजच बदला. भिरंडाचं आम्ल आणि मीठ मिळून अॅल्युमिनियम खातात. परात खडबडीत, राखाडी झाली असेल, तुमच्या काळपट पाण्यात तेही आहे. ते पाणी टाकून द्या, पुट द्यायला वापरू नका. काच, चिनी माती किंवा अन्नाचं प्लास्टिक घ्या. स्टील एक-दोन दिवस चालतं, महिनाभर नाही.

आगळ: एक मूठ जाडं मीठ ५०-६० ग्रॅम धरा. चार मुठी म्हणजे २००-२४० ग्रॅम, तीन किलोला जेमतेम ७-८ टक्के. किलोला १५० ते २०० ग्रॅम लागतं, म्हणजे तुम्ही निम्मंच घातलंत. साय पातळ, सुरकुतलेली, पांढरीच असेल तर ते यीस्ट. सबंध उचलून टाका, आणखी २५० ग्रॅम मीठ घाला, दिवसातून दोनदा कोरड्या लाकडी डावाने ढवळा, सालं रसाखाली दाबून ठेवा. आठवड्याने गाळून बाटल्या भरा. लव किंवा रंगीत ठिपके असतील, किंवा दारूसारखा वास येत असेल, तर बरणीसकट मोह सोडा.

बांद्याचा_बबन (१:१०)
रोप लावणार असाल तर बीपासून लावू नका. भिरंडात नर-मादी झाडं वेगळी, बीपासूनची निम्मी नर निघतात आणि ते सात-आठ वर्षांनी कळतं. मादी झाडाचं कलम घ्या. दापोली कृषी विद्यापीठाची कोकण अमृता जात पावसाआधी उतरते.

फोंड्याचं_रांधप (१:१५)
रोपाचं कोणी विचारलं?

जुनी_पानं (१:३०)
विषय निघालाच आहे म्हणून. भिरंडाच्या शास्त्रीय नावातलं गार्सिनिया हे गार्सिया द ऑर्ता या पोर्तुगीज वैद्याचं, असं इथे गोव्यात सर्रास सांगतात. चूक आहे. लिनियसने ते लोराँ गार्सँ या वनस्पतिशास्त्रज्ञावरून ठेवलं. ऑर्ताने मात्र १५६३ मध्ये गोव्यातच छापलेल्या आपल्या ग्रंथात या फळाचा उल्लेख केलाय, नाव भिरंडावरूनच घेतलेलं. टोमॅटो आणि मिरची समुद्रापलीकडून आली, भिरंड इथलंच, पश्चिम घाटातलं. तरी भौगोलिक मानांकन सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला, गोवा बघतोय.

बांद्याचा_बबन (१:३४)
बघू दे. 😄

सत्तरीकर (१:५०)
ताई, आता सोलांचं. लव आणि हिरवे ठिपके असलेली फेका, त्यांना चिकटून असलेलीही. दाणेवाली वेगळी करा. आता नवीन पुट देऊ नका, पावसाच्या तोंडावर सालीत आणखी ओल भरण्यात अर्थ नाही. आज-उद्या ऊन मिळेल तेवढं घ्या, सालीची आतली बाजू वर ठेवा, तासाभराने उलटा. ऊन गेलं तर ओव्हन ५५-६० अंशांवर, दार बोटभर उघडं, आठ-दहा तास. त्याहून तापवलं तर बाहेरून कडक आणि आत ओलं राहतं, ते जूनमध्ये हमखास बुरसतं.

झालं की नाही ते असं ओळखा: सोल दुमडलं की चामड्यासारखं वाकतं, मोडत नाही, आणि दुमडीवर दाबलं तर बोट ओलं होत नाही. मग मूठभर सोलां कोरड्या काचेच्या बरणीत घालून झाकण लावून रात्रभर ठेवा. सकाळी काचेला आतून धुकं दिसलं तर परत ओव्हनमध्ये. भरताना एक मोठी बरणी नको, चार लहान घ्या. उघडाल तेवढ्या वेळा पावसाळी हवा आत जाते.

म्हापशेकरीण (सायंकाळी ६:४०)
निवडली. साधारण चौथा हिस्सा गेला, बाकीच्यांवर मीठच होतं. परात बदलली, आगळात मीठ घातलं. बियांना पण काही करायचं असतं का? सोलं काढताना टाकून दिल्या.

मिठागर_४०३ (६:४४)
टाकल्या?? कुठे?

म्हापशेकरीण (६:५०)
परसात, माडाच्या मुळाशी.

मिठागर_४०३ (६:५८)
गोळा करा. धुवून आठ दिवस खडखडीत वाळवा, फोडून आतला गर कुटा, पाण्यात उकळा, वर येणारी चरबी काढून थंड करा. तेच भिरंडेल. निम्म्याहून जास्त स्टिअरिक आम्ल असतं, म्हणून घरात गोळा घट्ट राहतो आणि टाचेला चोळला की विरघळतो. पावसाआधी गोळा करा, नाहीतर कोंब येतील.

बांद्याचा_बबन (७:०५)
येऊ देत, निम्मी नर निघतील.