‘डोकं उचललंस!’ हे सांगणं आता बंद करा, मंडळी

रंकाळा राउंड

स्पष्टच लिहितो. हौशी गोल्फमध्ये सगळ्यात जास्त वाटला जाणारा आणि सगळ्यात कमी उपयोगी पडणारा सल्ला म्हणजे ‘डोकं खाली ठेव’. बॉल टॉप झाला (क्लब बॉलच्या वरच्या भागावर बसला), डोकं उचललंस. फॅट बसला (क्लब आधी मातीत गेला), डोकं उचललंस. स्लाइस होऊन, म्हणजे उजवीकडं वळत, शेजारच्या उसात गेला, तरी दोष डोक्याचाच! कोल्हापुरात हा खेळ खेळणारे आपण मूठभर. बरेचसे नेटमध्ये, नाहीतर कुणाच्या तरी रिकाम्या रानात सराव करतो आणि सवड मिळेल तेव्हा पुण्याला जाऊन अठरा होल खेळून येतो. कोच रोज हाताशी नाही, त्यामुळं एकमेकांचे सल्ले हाच आपला क्लास. मग तो सल्ला तरी धड नको का?

साधा हिशोब बघा. नियमाप्रमाणे बॉलचा व्यास कमीत कमी ४२.६७ मिलिमीटर. म्हणजे बॉलचं पोट जमिनीपासून साधारण २१ मिलिमीटरवर. क्लबची खालची धार तिथपर्यंत वर राहिली की बॉल टॉप झालाच म्हणून समजा. हे दोन सेंटिमीटर येतात कुठून? बहुतेक वेळा घाबरून कोपरं आखडल्यानं, कंबर बॉलकडं ढकलत उभं राहिल्यानं, नाहीतर वजन उजव्या पायावरच अडकल्यानं (उजव्या हातानं खेळणाऱ्यांचं सांगतोय). वजन मागं राहिलं की स्विंगचा सगळ्यात खालचा बिंदू बॉलच्या मागं पडतो. मग क्लब आधी मातीत घुसतो, नाहीतर वर येता येता बॉलच्या टाळूवर बसतो. डोकं वर येतं ते या सगळ्यापायी. मूळ दुखणं खालीच असतं.

आनिका सोरेनस्टामचा स्विंग आठवा. क्लब बॉलला लागायच्या आधीच तिचं डोकं टार्गेटकडं वळायला लागलेलं असायचं. बाईंनी २००१ मध्ये अठरा होलच्या एका फेरीत अवघे ५९ फटके मारले, एलपीजीएच्या (बायकांच्या व्यावसायिक टूरच्या) ७२ स्पर्धा जिंकल्या. डेव्हिड डुव्हालचंही तसंच. त्याचे ५९ आले १९९९ मध्ये, आणि २००१ ची ब्रिटिश ओपन त्याच्या नावावर आहे. हे दोघं आपल्या नेटवर आले असते, तर आपल्यातल्या कुणीतरी त्यांनाही टोकलंच असतं.

सुभेदार (निवृत्त)

राउंडसाहेब, सोरेनस्टाम आयुष्यात किती बॉल मारून तिथं पोचली आणि तुम्ही आठवड्यातून एकदा किती मारता? अपवाद दाखवून नियम मोडू नका.

तुम्ही दोन नावं दिलीत, मी एकच देतो. जॅक निकलॉस. लहानपणी त्याच्या कोचनं, जॅक ग्राउटनं, काय केलं ठाऊक आहे? सहायकाला समोर उभं करून पोराचे केस मुठीत धरायला लावले. स्विंग करताना डोकं हललं की केस ओढले जायचे, डोळ्यांत पाणी यायचं. त्या पोरानं पुढं १८ मेजर (गोल्फमधल्या सगळ्यात मोठ्या स्पर्धा) जिंकल्या.

मी पलटणीत असताना गोल्फ शिकलो. कोपर, कंबर, वजन, बिंदू असलं सगळं नव्या माणसाच्या डोक्यात भरलं तर तो बॉलसमोर पुतळा होऊन उभा राहतो. एक सूचना द्यायची, सोपी द्यायची. ‘बॉलवर नजर ठेव’ यापेक्षा सोपं काही असेल तर सांगा, मीही उद्यापासून तेच सांगेन.

रंकाळा राउंड

सुभेदारसाहेब, निकलॉसचा किस्सा खरा आहे आणि माझ्याच बाजूचा आहे. ग्राउट डोकं *स्थिर* ठेवायला शिकवत होते, खाली दाबायला नव्हे. निकलॉस तर बॅकस्विंग (क्लब मागं नेणं) सुरू करायच्या आधी हनुवटी उजवीकडं वळवून घ्यायचा, खांद्याला फिरायला वाट मिळावी म्हणून. आपल्याकडं ‘डोकं खाली’ ऐकल्यावर माणूस हनुवटी छातीला चिकटवतो. मग डावा खांदा हनुवटीवर आपटतो, वळण अर्धंच होतं आणि उरलेलं काम हात करतात. झाला टॉप. आणि मागून परत तीच आरोळी.

गंगावेशचा गडी

आरं काय चाललंय लगा तुमचं. तालमीत वस्ताद एकटा बोलतोय, बाकीची पोरं गप मेहनत करत्यात. शेजारच्या पोराचा डाव चुकला म्हणून दुसऱ्या पोरानं तोंड घातलं तर वस्ताद त्यालाच शंभर जोर काढायला लावतोय. आणि हितं? २८ हँडिकॅपवाला ३० हँडिकॅपवाल्याला शिकवतोय (हँडिकॅप जेवढा जास्त तेवढा खेळ कच्चा), आणि दोघंबी मागच्या रातीला मोबाइलवर बघितलेलं सांगत्यात.

डोकं वर का खाली, ते ऱ्हाऊ द्या. कुणी कुणाला सांगायचं ते आधी ठरवा.

आणि बघून शिका की. आपल्या देशातला एसएसपी चौरासिया घ्या. वडील रॉयल कलकत्ता गोल्फ क्लबात ग्रीनकीपर, पोरगा तिथंच कॅडीगिरी करत, म्हंजे खेळणाऱ्यांच्या बॅगा वाहत, बघून बघून शिकला. चिप (होलाजवळचा छोटा फटका) आणि पटिंग (पटरनं बॉल होलात ढकलणं) असलं तयार झालं की लोक त्याला ‘चिप-पट-सिया’ म्हणायला लागले. २०१६ ला इंडियन ओपन जिंकली, २०१७ ला परत जिंकली. त्याच्या मागं उभं राहून चौघं वरडत नव्हते.

आठव्या गल्लीतून

गडीदादा, पहिल्यांदाच कुणीतरी मुद्द्यावर आलं.

राजारामपुरीतून मी सकाळी सहाला सरावाला येते. मी क्लब हातात घेतला की डावी-उजवीकडचे सगळे भाऊजी अचानक कोच होतात. एक म्हणतो जोर कमी लाव, दुसरा म्हणतो जोर लावत नाहीस. एकदा एका काकांनी ग्रिप दाखवायला माझा हातच धरला. ते स्वतः त्यानंतरच्या बॉलला शँक मारून (क्लबच्या दांड्याजवळ लागून आडवा उडालेला फटका) नेटच्या खांबावर गेले, ते वेगळं. यातलं एकही वाक्य मी विचारलेलं नव्हतं. पुरुष नवखा असला तर त्याला निदान बकेट (सरावाच्या बॉलची बादली) संपेपर्यंत मोकळीक मिळते. बाई दिसली की पहिल्या बॉलपासून सुरुवात.

आणि सगळ्यांचा सल्ला शेवटी ‘लांब कसं जाईल’ इथंच येऊन थांबतो. टोकियो ऑलिंपिकमध्ये अदिती अशोक ड्रायव्हरच्या (लांब फटक्याच्या क्लबच्या) अंतरात मागं होती, बाकीच्या तिच्या पुढं बॉल टाकत होत्या. तरी ती चौथी आली, पदक एका स्ट्रोकनं हुकलं. तिनं पटरवर सगळ्यांना धरून ठेवलं होतं. आपल्यातल्या किती जणांनी यंदा पटर घेऊन अर्धा तास सलग सराव केलाय?

कागलचा नियमवाला

ताईंच्या मुद्द्याला नियमाचाच आधार आहे. नियम १०.२ काढून वाचा. फेरी चालू असताना स्पर्धेतल्या दुसऱ्या खेळाडूला सल्ला द्यायचा नाही आणि त्याच्याकडं मागायचाही नाही. स्ट्रोक प्लेमध्ये (एकूण फटके मोजायचा खेळ) दोन स्ट्रोकचा दंड, मॅच प्लेमध्ये (एकेक होल जिंकायचा खेळ) होल गेला. ‘कुठला क्लब मारलास?’ एवढं विचारलं तरी दंड बसतो. दुसऱ्याच्या बॅगेकडं नुसतं बघून क्लब ओळखलात तर चालतं, पण त्यावरचा टॉवेल बाजूला केलात की गेलात. कॅडी आणि पार्टनर यांना सूट आहे. होल किती यार्डांवर आहे, बंकर कुठं आहे, ही उघड माहिती, ती कुणीही सांगावी.

इतकी कडक तरतूद ज्या खेळात आहे, त्यात लोकांच्या जिभेला हाड नाही याचं मला कायम नवल वाटतं.

सुभेदार (निवृत्त)

नियमवाले, तो नियम फेरीतला आहे. सरावाच्या नेटवर कसला नियम १०.२? तिथं गप्प बसायचं तर मग एकत्र जमायचं कशाला, घरी गच्चीत मारा.

आठव्या गल्लीच्या ताईंचं मात्र बरोबर आहे. हात धरणं बिलकुल चालणार नाही. त्यांनी नाव सांगावं, मी बोलतो त्या गृहस्थांशी.

नवा भिडू, ताराबाई पार्क

मी दिवाळीनंतर खेळायला लागलो. खरं सांगायचं तर मला सल्ले हवे असतात. अडचण अशी की एकाच बकेटमध्ये पाच मिळतात आणि ते एकमेकांशी भांडतात. माझा बॉल सरळ सुटतो आणि उजवीकडं वळत जातो. एकानं सांगितलं, डावीकडं तोंड करून उभा राहा. तसं केल्यावर आणखी जास्त वळायला लागला. दुसरा म्हणाला, डोकं. आता मी नक्की काय करू?

रंकाळा राउंड

भिडू, डावीकडं वळून उभं राहणं सोडून दे. बॉल सुटतो तो बहुतांशी क्लबचं तोंड जिकडं असेल तिकडं. वळतो कशानं, तर क्लबचं तोंड आणि क्लब चाललाय ती वाट यांच्यातल्या फरकानं. तुझा क्लब बाहेरून आत येतोय आणि त्या वाटेच्या मानानं तोंड उघडं राहतंय. डावीकडं जितका जास्त वळशील तितकी वाट आणखी डावीकडं जाणार, तोंड मात्र तू सवयीनं टार्गेटकडंच धरणार. फरक वाढला, वळण वाढलं. जुन्या मास्तरांनी हे उलटं शिकवलं होतं, बॉल स्विंगच्या वाटेनं सुटतो म्हणून. रडारवर मोजायला लागल्यापासून ते मागं पडलं. आधी ग्रिप बघ. वरून पाहिल्यावर डाव्या हाताच्या बोटांच्या मुळाची एकच गाठ दिसत असेल तर हात थोडा उजवीकडं फिरव, दोन-अडीच गाठी दिसू देत.

सुभेदार (निवृत्त)

शास्त्र बरोबर असेल, पण वेळ चुकतेय. पोरगा पुण्यात येरवड्याच्या कोर्सवर सातव्या होलला उभा आहे, उजवीकडं झाडी, मागं दुसरा फोरबॉल (चौघांचा गट) खोळंबलाय. तिथं तो ग्रिप बदलणार? बदलली तर तो बॉल कुठं जाईल ते ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही. फेरीत आहे तो स्लाइस घेऊन खेळायचं. फेअरवेच्या (मधल्या कापलेल्या गवताच्या पट्ट्याच्या) डाव्या कडेवर नेम धरायचा, बॉल वळून मधे येऊ द्यायचा. दुरुस्ती घरी.

जिम फ्युरिकचा स्विंग बघून कुठल्याही कोचनं कपाळाला हात लावला असता. क्लब वर जाताना एकीकडं, खाली येताना भलतीकडं. त्याचा बाप सोडून त्याला कुणी शिकवलं नाही आणि बापानं तो स्विंग मोडला नाही. २००३ ची यूएस ओपन जिंकला, २०१६ मध्ये एका फेरीत ५८ मारले. प्रत्येकाला एकाच साच्यात बसवायचा तुमचा हा जो सोस आहे ना, तो ‘डोकं खाली’पेक्षा जास्त नुकसान करतो.

रंकाळा राउंड

फेरीतल्या नेमाबद्दल मान्य, तिथं वाद नाही. पण फ्युरिकचं उदाहरण देऊन तुम्ही माझंच म्हणणं सांगताय. एकच माणूस, एकच आवाज, वर्षानुवर्षं. तिथं मागं उभे राहून पाच जण पाच सूचना देत नव्हते.

सम्राटनगर ९ आयर्न

कोचकडं जा की सरळ. दोन महिन्यांतून एक तास घ्या, मधे त्यानं सांगितलेलंच घोटा. विषय संपला.

गंगावेशचा गडी

किणीपासनं टोल भरत २३० किलोमीटर जायचं आणि तासाभरानं तेवढंच परत यायचं. तुमचं डिझेल कोण भरतंय, कळवा. त्याच्याकडं आम्हीबी अर्ज टाकतो.

गच्चीवरचं नेट

एवढा वेळ वाचतोय, मूळ गोष्ट कुणीच काढली नाही. आपण सगळे मॅटवर खेळतो. मॅट खोटं बोलते. क्लब बॉलच्या मागं तीन-चार इंच आधी टेकला तरी प्लॅस्टिकवरून घसरत पुढं जातो आणि बॉल बऱ्यापैकी सुटतो. कानाला आवाजही चांगला लागतो. नेटमुळं बॉल पुढं कुठं गेला असता तेही दिसत नाही. हाच फटका मार्च-एप्रिलच्या कडक माळावर मारा, क्लब टणकन उडतो आणि बॉल टॉप. पावसाळ्यात मऊ जमिनीवर मारा, तोच स्विंग, आता क्लब रुतून बसतो आणि बॉल जागेवरून दहा पावलं जातो. फटका एकच, जमीन वेगळी, आणि मागून सल्ला देणारा दोन्ही वेळा डोक्याकडंच बोट दाखवतो.

मी काय करतो ते सांगतो. मातीवर रांगोळीची एक सरळ रेघ ओढायची, टार्गेटच्या दिशेला आडवी. बॉल ठेवायचा नाही. दोन्ही पायांच्या मधे रेघ धरून सेव्हन आयर्ननं स्विंग करायचा आणि माती कुठं खरवडली ते बघायचं. खूण रेघेपासून सुरू होऊन पुढं गेली तर वजन वेळेवर डाव्या पायावर आलं. रेघेच्या मागं सुरू झाली तर वजन मागंच आहे, मग डोकं खाली ठेवा, वर ठेवा, नाहीतर घरी ठेवून या. खूणच नसेल तर हात आखडताहेत. रेघेवर एक पाऊल पुढं सरकत असंच करत जायचं. वाद घालायला दुसरा माणूस लागत नाही.

सुभेदार (निवृत्त)

रांगोळी! आता शेजारी समई आणि हळदीकुंकूही ठेवा.

चेष्टा बाजूला. जमिनीवरची खूण बघायची ही पद्धत मला पटते, आमचे उस्ताद बॉलपुढचा डिव्हटच (क्लबनं उखडलेली माती) बघायचे. पण माझा दावा असा आहे की ‘बॉलवर नजर’ एवढीच सूचना देऊनही नव्या माणसाची खूण पुढं सरकते. राउंडसाहेबांचा दावा, वजनाबद्दल सांगितलं तरच सरकते. मग करूनच बघू.

रंकाळा राउंड

करू. ताराबाई पार्कचा भिडू तयार असेल तर त्याच्यावरच. आधी तुमची सूचना, मग माझी.

आठव्या गल्लीतून

त्याला विचारलंत का?

नवा भिडू, ताराबाई पार्क

मी तयार आहे. पण एका वेळी एकानंच बोलायचं, आणि स्विंग सुरू असताना कुणीच नाही.

कागलचा नियमवाला

आणि दोघांची क्रमवारी चिठ्ठी टाकून ठरवा. हात सैल झाल्यावर कुणाचाही स्विंग सुधारतो, दुसऱ्या नंबरवाल्याला फुकटचा फायदा नको.

सुभेदार (निवृत्त)

ठीक. रविवारी सहा वाजता, मॅट नाही, उघडी जमीन. शनिवारी संध्याकाळी पाणी मारून ठेवतो, नाहीतर खूण उमटणार नाही.

गंगावेशचा गडी

पानी लई मारू नका. मागच्या बारीला चिखल झालता आणि माझा सेव्हन आयर्न धुवायलाच दुपार गेली.