मदत हवी आहे: वडिलांची २००३ सालची वेबसाइट वेबॅक मशीनमधून परत मिळेल का?

नमस्कार मंडळी,

बाबा (वय ७८) शाळेत शिक्षक होते. निवृत्तीला दोन वर्षं असताना त्यांनी एक वेबसाइट सुरू केली. नाशिकच्या गावठाणातले वाडे, गोदाघाटावरची देवळं आणि पुराच्या नोंदी, असा सगळा मामला. अशोकस्तंभाजवळच्या एका कॅफेत तासाला वीस रुपये देऊन २००३ ते २००९ असं सहा वर्षं ते टाइप करत होते. साइट एका ओळखीच्या क्लासवाल्याने फुकट ठेवून दिली होती. पुढे क्लास बंद पडला, डोमेनचे पैसे कुणी भरले नाहीत. परवा बाबांनी नातवाला दाखवायला म्हणून पत्ता टाकला, तर ऑनलाइन रमीची जाहिरात उघडली. म्हणाले, "हे मी नव्हतं लिहिलं."

वेबॅक मशीनवर (जुन्या वेबसाइटींच्या प्रती जपून ठेवणारी साइट) शोधल्यावर ११ पानं मिळाली. बाबांच्या मते चाळीसच्या वर होती. मिळालेली पानंही आधी वाचताच येईनात. मजकूर शिवाजी या जुन्या फॉन्टमध्ये आहे. त्यात इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरं बसवलेली असतात, फॉन्ट नसेल तर नुसती इंग्रजी अक्षरं दिसतात. म्हणजे पानाच्या डोक्यावर 'श्री' असायला हवं तिथे कॅपिटल ई, स्मॉल ए, कॅपिटल आय. 'फॉन्ट इथून उतरवून घ्या' अशी लिंक आहे, पण ती फाइल काही साठवली गेलेली नाही. शेवटी मेनरोडच्या एका लग्नपत्रिकावाल्याकडे फॉन्ट मिळाला (त्यांच्याकडे अजून रोज वापरात आहे!). तो लॅपटॉपवर टाकला आणि पान उलगडलं.

मला सगळ्यात हवं आहे ते सप्टेंबर २००८ च्या पुराचं पान. पाणी किती वाजता दुतोंड्या मारुतीच्या (गोदाघाटावरची उंच मूर्ती) गुडघ्याला, कधी कमरेला, दहीपुलाकडे कुठल्या दुकानाच्या पायरीपर्यंत, असं बाबांनी तासातासाने लिहून ठेवलेलं आहे. मजकूर आला, पण फोटो पोस्टाच्या तिकिटाएवढे. त्यावर क्लिक केलं की मोठा फोटो वेगळ्या खिडकीत उघडायचा, तो येत नाही. मूळ फोटोंची सीडी माळ्यावर सापडली. ड्राइव्ह अर्धा तास घुरघुरतो आणि सोडून देतो.

बाकीची पानं शोधायची काही युक्ती आहे का? फॉन्ट बदलून युनिकोड (वेगळा फॉन्ट न टाकता कुठेही वाचता येणारं मराठी) करावं की आहे तसं ठेवावं? आणि हे सगळं पुन्हा हरवणार नाही असं कुठे ठेवू? प्रोग्रॅमिंग येत नाही, पण सांगाल ते बघून बघून करेन.

आर्काइव्हवेडा:
ताई, वेबॅकमध्ये साइटचा पत्ता टाकून शेवटी तिरकी रेघ आणि तारा (*) द्या. त्या डोमेनखाली जे जे साठवलं गेलं त्या सगळ्याची यादी येते, मुखपृष्ठावरून लिंक नसलेलंसुद्धा. २०१० नंतरच्या नोंदी सोडून द्या, त्यात रमीच असेल. मोठे फोटो सुटले कारण ती खिडकी जावास्क्रिप्टने उघडत होती. त्या काळचे क्रॉलर (पानं आपोआप गोळा करत फिरणारे प्रोग्रॅम) साध्या लिंका धरून पुढे जायचे, स्क्रिप्टमधला पत्ता त्यांना सहसा कळायचा नाही. पण दुसऱ्या कुणी थेट फोटोला लिंक दिली असेल तर एखादा मिळून जातो.
उतरवताना आणखी एक. वेबॅकच्या पत्त्यात तारीख-वेळेचे १४ आकडे असतात, त्यांना चिकटून आय, डी आणि खालची रेघ लिहा. मग वेबॅकने स्वतःच्या पट्ट्या आणि बदललेल्या लिंका न घालता मूळ फाइल जशी होती तशी मिळते.

छापखाना:
युनिकोड करा, पण मूळ फाइलींना हात लावू नका, दोन्ही ठेवा. शिवाजीत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये नंतर साठवली जाते. त्यामुळे कन्व्हर्टर नेमका वेलांटीत आणि रफारात माती खातो. 'मारुती' ठीक येईल, 'मूर्ती'कडे लक्ष ठेवा. प्रत्येक पान एकाने वाचायचं, दुसऱ्याने मूळ बघायचं. आम्ही प्रुफं अशीच तपासतो.

आर्काइव्हवेडा:
सीडी परत परत घालू नका. ड्राइव्ह बदलून बघा, आणि डीडीरेस्क्यू हा खराब डिस्क वाचायचा प्रोग्रॅम वापरा. ते आधी वाचता येणारा भाग उचलतं, खराब जागांवर मग पुन्हा प्रयत्न करतं. कुणी लिनक्सवाला गाठा, तासाभराचं काम आहे. साठवायचं म्हणाल तर नवी साधी साइट करा, स्क्रिप्टबिप्ट काही नको, आणि वेबॅकच्या 'सेव्ह पेज नाऊ'मध्ये प्रत्येक पान स्वतः टाका. शिवाय आर्काइव्ह-वेब-पेज हे ब्राउझरचं एक्स्टेन्शन वापरून एक प्रत घरच्या डिस्कवर. एकाच जागेवर विसंबू नका. ऑक्टोबर २०२४ मध्ये सायबर हल्ला झाला तेव्हा वेबॅक चालवणारं इंटरनेट आर्काइव्ह स्वतःच काही दिवस बंद होतं.

धागाकर्ती:
दोघांचे मनापासून आभार! ताऱ्याची युक्ती चालली. आता २७ पानं झाली आणि पुराचे चार मोठे फोटो. एकात नारोशंकराच्या देवळाकडचं पाणी स्पष्ट दिसतंय. सीडी भाचा रविवारी घेऊन जाणार आहे.

पुराचं पान छापून बाबांना दिलं. त्यांनी चष्मा लावला, लाल पेन मागितलं आणि तीन ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ सुधारलं. वर एका जागी वेळ चुकलीय म्हणतात, साडेचार नव्हे, साडेपाच. छापखाना दादा, मूळ जसंच्या तसं ठेवायचं हे मला पटलंय, पण लिहिणाराच समोर बसून दुरुस्त्या करायला लागला तर काय करायचं?