दिवाळीनंतर सगळं घर घेऊन खाडीत होडीने फिरायचंय, कुठे जावं?

वाशिष्ठीकाठची_सून

नमस्कार मंडळी, जरा सविस्तर लिहिते, कारण घरातले सहाही जण वेगवेगळ्या वयाचे आहेत. आम्ही डोंबिवलीला असतो, सासरचं गाव गुहागर तालुक्यात. सासरे 76, सासूबाई 71 (गुडघ्यांचा त्रास), आम्ही दोघं, मुलगा 11 आणि मुलगी 6. यंदा भाऊबीज आटोपली की चार दिवस गावी जायचंय आणि मुलांनी एकच धोशा लावलाय की होडीत बसायचं. समुद्रात उड्या मारणारी बनाना बोट वगैरे नको, शांत पाण्यात, नदीत, खाडीत तास दोन तास फिरता येईल असं काहीतरी. नवऱ्याच्या ऑफिसमधले एकजण केरळला अलप्पुळाला हाऊसबोटीत राहून आले, त्यांचे फोटो बघून हा म्हणतोय की आपण पण तिकडेच जाऊ, कोकणात असं काही नाही. मला ते पटत नाहीये. सासरे लहानपणी मुंबईहून बोटीने दाभोळला यायचे, बोट खाडीत उभी राहायची आणि पडावातून माणसं किनाऱ्याला उतरवायचे, पुढे लाँचने वाशिष्ठीतून चिपळूणजवळच्या गोवळकोटपर्यंत. ते अजून तो प्रवास वळणावळणाने सांगतात. त्यांना तेच पाणी परत एकदा दाखवावं असं फार मनात आहे. तर कुणी घरच्यांना घेऊन गेलं असेल तर सांगा, कुठे, कधी, आणि म्हाताऱ्या माणसांना होडीत चढता-उतरताना जमतं का?

खाडीकाठ

वहिनी, आधी केरळचं बोलू. तिकडे वेंबनाडसारखं मोठं सरोवर आहे, त्याला जोडलेले कालवे आहेत, म्हणून हाऊसबोट दिवसभर फिरते आणि रात्री कडेला लागते. आपल्या नद्या सह्याद्रीतून निघतात आणि बघता बघता समुद्राला मिळतात, होडी चालते ती शेवटच्या खाडीच्या पट्ट्यातच. त्यामुळे राहायचं काठावर आणि फिरायचं होडीने, हा आपला प्रकार. तारकर्लीला कर्ली नदीत एमटीडीसीने, म्हणजे राज्याच्या पर्यटन महामंडळाने, हाऊसबोटी सुरू केल्या होत्या, तिकडे जाणार असाल तर फोन करून आधी खात्री करा. पण तुमच्या सासऱ्यांचं ऐकल्यावर मी तरी वाशिष्ठी सोडून दुसरीकडे जा म्हणणार नाही.

मी दाभोळच्या बाजूचा, वडील होडीवर होते, म्हणून एक गोष्ट सांगतो ती नीट लक्षात ठेवा. खाडीत फिरायची वेळ तुम्ही ठरवायची नसते, पाणी ठरवतं. लोक मुंबईहून येतात, नाश्ता करून दहाला धक्क्यावर उभे राहतात आणि समोर नुसता चिखल, मग होडीवाल्यावर चिडतात. आमच्याकडे जुना हिशोब आहे, तिथीची पाऊणपट करायची म्हणजे भरतीची वेळ येते. चतुर्थी असेल तर चार पाऊण तीन, म्हणजे तीनला भरती, दुपारी पण आणि पहाटे पण. त्याच्या मागेपुढे सहा तासांनी ओहोटी, म्हणजे सकाळी नऊच्या सुमाराला. अष्टमीला सहा वाजता. पुनव-अवसेला बाराच्या आसपास, आणि तेव्हा उधाण, पाणी चढतं पण खूप आणि सुकतं पण खूप. अष्टमीला भांग, पाण्याचा चढउतार कमी. हा ढोबळ हिशोब आहे, अर्धा पाऊण तास इकडेतिकडे होतं, मालवणकडे थोडी लवकर येते, आणि खाडीत जितकं आत जाल तितकी उशिरा. नक्की वेळ मोबाईलवर टाईड टेबलमध्ये बघा, पण पाऊणपट येत असेल तर कॅलेंडर बघूनच कळतं कुठला दिवस धरायचा.

आता तुमचं बघा. भाऊबीज म्हणजे द्वितीया. तृतीयेला निघालात, चतुर्थीला फिरणार, तर दुपारी एक-दीडला होडीत बसा, भरतीबरोबर आत जा, तिवरांच्या (खारफुटीच्या) मधल्या छोट्या ओहोळात शिरता येईल. होडी पाण्याबरोबर आपसूक जाते, इंजिन बंद करायला सांगा थोडा वेळ, बोय मासे उड्या मारतात त्याचा आवाज येतो. मुलांना ते आवडेल.

आणि चढण्या-उतरण्याचं म्हणाल तर तेही भरतीवरच आहे. भरतीला होडी धक्क्याच्या वरच्या पायरीला लागते, आजी नुसतं पाऊल टाकून आत. ओहोटीला खालच्या आठ-दहा पायऱ्या उघड्या पडतात आणि त्यावर हिरवं शेवाळ असतं, तिथे आमच्यासारख्यांचे पण पाय सरकतात. गुडघ्यांचा त्रास आहे तर ओहोटीला नेऊच नका.

चिपळूणची_माऊ

खाडीकाठ यांचं सगळं बरोबर, फक्त एका गोष्टीला उलटं आहे, मगरी बघायच्या तर ओहोटीच हवी! गोवळकोटच्या बाजूला वाशिष्ठीत मगरी आहेत, चिपळूणचं पोर पण सांगेल. भरतीला सगळा काठ पाण्याखाली असतो तेव्हा काही दिसत नाही, पाणी उतरलं की चिखलाची भाट उघडी पडते आणि थंडीच्या दिवसात नऊ-दहा नंतर ऊन लागलं की त्या वर येऊन पडतात, तोंड उघडं टाकून, अगदी हलत नाहीत, पहिल्यांदा बघणाऱ्याला ओंडकाच वाटतो. तुमच्या चतुर्थीला ओहोटी सकाळीच येतेय, आत चिपळूणपर्यंत ती अजून उशिरा म्हणजे दहा-अकराला, म्हणजे उन्हाची आणि सुक्या पाण्याची वेळ एकत्र जमतेय, असं रोज जमत नाही. मुलांना आणि नवऱ्याला सकाळी मगरींना पाठवा, आजी-आजोबांना दुपारी भरतीला न्या.

फक्त होडीत असताना हात पाण्यात सोडून बसू देऊ नका, सहा वर्षांची मुलगी हात सोडणारच, तिला तुमच्या दोघांच्या मध्ये बसवा. आणि काठावर उतरून पाय धुणं, आंघोळ, काही नाही.

अजून एक, वाशिष्ठीला उन्हाळ्यात पण पाणी असतं याचं कारण कोयना. धरणाचं पाणी डोंगरातल्या बोगद्यातून पोफळीला येतं, वीज तयार झाली की ते वाशिष्ठीत सोडतात. त्यामुळे वरच्या भागात पाणी नुसत्या भरतीवर चालत नाही. स्थानिक होडीवाला सोडून कुणाचं ऐकू नका. 22 जुलै 2021 ला याच नदीने आमच्या घरात काय केलं ते मी बघितलंय, पहिल्या मजल्यावर बसून होतो रात्रभर. तरी नदीवर राग धरता येत नाही, दिवाळीनंतर तिच्याइतकी शांत कुणी नाही.

नारळीपौर्णिमा

ताई, मी आमचं काय झालं ते सांगते, कारण तुमच्यासारखंच आमचं कुटुंब होतं आणि हे पाऊणपटीचं मला कुणी आधी सांगितलं असतं तर. मालवणच्या जवळ एका खाडीत गेलो होतो, डिसेंबरात, मुद्दाम पौर्णिमा बघून, की सूर्यास्त पण होडीतून आणि चंद्र पण होडीतून. चारला निघालो. आता वरचं वाचून कळतंय की बाराला भरती म्हणजे सहाला ओहोटी, खाडीत आत त्याहून उशिरा, आणि त्यात उधाणाची. साडेपाचला होडी वाळूला लागली. होडीवाला वयाने लहान होता, त्याने बांबूने रेटून बघितलं, उतरून ढकललं, होडी जागची हलेना. मग शांतपणे म्हणाला, "आता पाणी येयसर बसाचा लागतला."

पाणी जाताना आवाज होत नाही हे मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं. होडीच्या कडेला एक दोरी लोंबत होती, तिचं टोक पाण्यात होतं, मग पाण्याला टेकलेलं होतं, मग ओल्या वाळूवर पडलेलं होतं. वाळूतून बारीक बारीक खेकडे बाहेर यायला लागले, पोरं खूश, मला मात्र सासूबाईंची काळजी, त्यांना शुगर आहे आणि आमच्याकडे एक पारले-जीचा पुडा सोडून काही नव्हतं. नवरा म्हणाला मी चालत काठावर जातो. होडीवाला नको म्हणत होता तरी उतरला, दहा पावलांवर वाळू संपून चिखल लागला, गुडघ्यापर्यंत आत, आणि त्या चिखलात कालवांची शिंपं, ब्लेडसारखी. तळपाय कापून परत आला, ओढणीने बांधला. काळोख पडला, डास, मुलाला शी लागलेली, कुणाकडे टॉर्च नाही, माझ्या फोनला अकरा टक्के बॅटरी. साडेआठ वाजून गेल्यावर होडी हलली. बुडायचं भय नव्हतं हे आता कळतं, पण तेव्हा अंधारात लहान मूल मांडीवर घेऊन बसल्यावर डोकं चालत नाही.

म्हणून निघताना होडीवाल्याला "किती घेणार" याच्या आधी "पाणी कधी उतरणार आणि त्याआधी आपण परत येऊ का" हे विचारा. खायला ठेवा, टॉर्च ठेवा, म्हाताऱ्यांची औषधं लॉजवर ठेवू नका. आणि अंगावर एखादी शाल, दिवसा ऊन असलं तरी संध्याकाळी खाडीवरचा वारा बोचतो.

सुक्या_बोंबील

लाईफ जॅकेटबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो. 2022 च्या मे महिन्यात तारकर्लीला पर्यटकांची बोट बुडून दोन माणसं गेली. खाडीत पाणी शांत असतं म्हणून लोक जॅकेट मांडीवर घेऊन बसतात, त्याचा काही उपयोग नाही, घालून बकल लावलेलंच पाहिजे. लहान मुलांच्या मापाचं बऱ्याच ठिकाणी नसतं, मोठ्यांचंच आवळून घालतात. मुलीला घातल्यावर खांद्याच्या दोन्ही पट्ट्या धरून वर उचलून बघा, जॅकेट कानाशी आलं तर पाण्यात ती खालून निसटणार. मांडीमधून जाणारा पट्टा असलेलं घ्या, शक्यतो घरूनच घेऊन जा. होडीवर किती माणसं घ्यायची परवानगी आहे ते लिहिलेलं असतं, त्यापेक्षा एक जरी जास्त असेल तर उतरा, पुढची घ्या.

फिरायचं तर एक स्वस्तातला मार्ग पण सांगतो. दाभोळ-धोपावे फेरी 2003 पासून चालू आहे, गाडी आत घालायची, वर उभं राहायचं, पाच-दहा मिनिटांत वाशिष्ठी पार. जमलं तर हरिहरेश्वरपासून सुरू करा, बागमांडला-वेश्वी फेरीने सावित्री, मग दाभोळ-धोपावे, गुहागरला मुक्काम, मग तवसाळ-जयगडने शास्त्री, आणि गणपतीपुळे. तीन नद्या तीन फेऱ्या, गुडघेवाल्या आजींना गाडीतून उतरायची पण गरज नाही. आमच्या आईला चार वर्षांपूर्वी असंच नेलं. जयगडच्या फेरीत ती गाडीची काच खाली करून पूर्ण वेळ बाहेर हात काढून बसली होती, वारा लागत होता म्हणाली.

वाशिष्ठीकाठची_सून

सगळ्यांचे खूप खूप आभार, एवढं कुणी बसून लिहील असं वाटलं नव्हतं. नारळीपौर्णिमा, वाचताना अंगावर काटा आला, दादांचा पाय बरा झाला ना?

काल रात्री जेवणं झाल्यावर मी बाबांना, म्हणजे सासऱ्यांना, हे सगळं मोठ्याने वाचून दाखवलं. पाऊणपटीवर आले तसे ते मध्येच थांबवून म्हणाले, अगं हे तर आमची आजी करायची, चुलीपुढे बोटांच्या पेरांवर, आणि सांगायची की आज तिसऱ्या (शिंपल्या) वेचायला नऊला निघा. चाळीस वर्षं डोंबिवलीत राहून विसरूनच गेलो होतो म्हणाले. मग कालनिर्णय उतरवून घेतलं आणि स्वतःच हिशोब करत बसले, कुठल्या दिवशी किती वाजता.

तर ठरलं असं, केरळ रद्द. जाताना बागमांडला आणि दाभोळच्या फेरीने. चतुर्थीला सकाळी हा आणि मुलं गोवळकोटला, दुपारी दीडला आम्ही सगळे दाभोळच्या बाजूला भरतीबरोबर आत. मुलगी 19 किलोची आहे, तिच्या मापाचं जॅकेट शनिवारी दादरहून आणते. खाडीकाठ, तुमच्या ओळखीचा एखादा जुना, सावकाश चालवणारा होडीवाला असेल तर मला मेसेज करा प्लीज, इंजिन बंद ठेवून थोडा वेळ नुसता वल्ह्यावर नेणारा असेल तर फारच बरं, बाबांनी तेवढं एकच मागितलंय.

खाडीकाठ

आहे. मेसेज केलाय. वडिलांबरोबरचेच आहेत, सत्तरी पार केलीय पण वल्हं सोडलेलं नाही. त्यांना सांगितलं की लाँचने गोवळकोटला जायचे ते पाहुणे येतायत, तर लगेच विचारलं, कुठल्या वाडीचे?