मदत हवी आहे : कुंडीतल्या शोभेच्या केळीला खत कोणतं, किती आणि कधी? (इंदूर)

गच्चीकर :
केळ शोभेची, 'झेब्रिना'. पानांवर लाल-तपकिरी चट्टे असतात ती. गमला १८ इंची, प्लास्टिकचा, खाली चार भोकं. माती दोन भाग काळी, एक भाग शेणखत, थोडी वाळू. गच्ची पश्चिमेला उघडी, ऊन अकरापासून मावळेपर्यंत. पाणी बोरिंगचं, रोज अर्धी बादली. नर्मदेचं एक दिवसाआड येतं, ते घरातच संपतं.

खत : महिन्याला मूठभर डीएपी (डायअमोनियम फॉस्फेट), आठवड्याला केळीच्या सालींचं पाणी, मार्चपासून दोनदा चुलीची राख.

लक्षणं : खालची तीन पानं टोकाकडून आणि कडांनी पिवळी-नारिंगी होत करपली, मग मधल्या दांड्यात मोडून लोंबली. नवा पोंगा (गुंडाळलेलं कोवळं पान) निघतो, पण उलगडलेलं पान आधीच्यापेक्षा लहान आणि शिरांमधला भाग फिकट. मातीवर पांढरा थर. पोटॅश कमी पडतंय का? म्युरेट ऑफ पोटॅश आणून ठेवलं आहे, किती घालू?

खोडकंद :
म्युरेट तूर्त बाजूला ठेवा. तुमच्या गमल्यात एकाच वेळी दोन गोष्टी चालू आहेत आणि त्या वेगवेगळ्या पानांवर दिसताहेत.

जुनी पानं कडेने नारिंगी होऊन मोडणं ही पालाशच्या (पोटॅशच्या) कमतरतेची खूण. झाड जुन्या पानातलं पालाश काढून नव्याला देतं, म्हणून आधी खालचं पान जातं. आता डीएपीच्या पिशवीवर बघा : १८:४६:०. शेवटचं शून्य म्हणजे पालाश. ५० ग्रॅमची मूठ धरली तर दर महिन्याला ९ ग्रॅम नत्र (नायट्रोजन), २३ ग्रॅम स्फुरद (फॉस्फेट) आणि पालाश काहीच नाही. केळीला हवं नेमकं उलट : पालाश सगळ्यात जास्त, त्याच्या निम्मं नत्र, स्फुरद नावाला.

नव्या पानातला फिकटपणा लोहाचा. लोह जुन्या पानातून नव्यात हलत नाही, म्हणून चटका आधी पोंग्याला. मातीत लोह असतंच, पण काळ्या मातीचा सामू (पीएच) आठच्या आसपास, वर बोरिंगचं जड पाणी, वर राख. राख अल्कधर्मी असते. कोकणातल्या आम्लधर्मी जांभ्या मातीत ती खपून जाते, माळव्यात नाही. साचलेलं स्फुरद लोह आणि जस्त दोन्ही अडकवतं ते वेगळंच.

पांढरा थर म्हणजे क्षार. त्यावर आणखी कोणतंही खत घातलं तरी मुळं ते उचलणार नाहीत, उलट करपतील. आधी गमला धुवा.

माळव्याचीमाती :
धुण्याबद्दल जरा सविस्तर, कारण काळ्या मातीत इथेच फसगत होते. ही माती सुकली की आक्रसते आणि गमल्याच्या भिंतीपासून बोटभर सुटते. वरून बादली ओतली की पाणी त्या फटीतून सरळ खालच्या भोकांतून बाहेर. वाटतं छान निचरा होतोय, आणि मधला गोळा कोरडाच.

म्हणून आदल्या संध्याकाळी लहान तांब्याने थोडं थोडं, तासाभरात ५-६ लिटर जिरवा. माती फुगून फट बुजली पाहिजे. बुजली नाही तर बांबूची काडी कडेकडेने खुपसा, खोडाजवळ नको, तिथे कंद आहे. दुसऱ्या दिवशी पांढऱ्या थरासकट वरची इंचभर माती खरवडून फेका. खालची ताटली काढा, गमला दोन विटांवर ठेवा. १८ इंची गमल्यात अंदाजे ४५ लिटर माती मावते, तिच्या दुप्पट पाणी लागतं : २० लिटरच्या साडेचार-पाच बादल्या, दर दोन बादल्यांमध्ये वीस मिनिटं थांबून. या एका कामासाठी तरी नर्मदेचं पाणी राखून ठेवा. बोरिंगच्या पाण्याने क्षार धुणं म्हणजे चिखलाने फरशी पुसणं.

टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) असेल तर भोकातून येणारं पाणी मोजा. दोन हजार पीपीएमच्या वर असेल तर खत बंद.

गच्चीकर :
पाच बादल्या झाल्या. बोरिंग ७६०. गमल्यातून पहिलं आलेलं पाणी ३१००, तेही काळपट चहासारखं. शेवटचं ९४०. आता खत?

खोडकंद :
वरची दोन इंच माती कोरडी होईपर्यंत थांबा, या उन्हात तीन-चार दिवस. मग १० लिटर पाण्यात १३:०:४५ (पोटॅशियम नायट्रेट) ८ ग्रॅम आणि १९:१९:१९ ६ ग्रॅम. मिळून नत्र-स्फुरद-पालाश साधारण २:१:४ पडतं. पहिल्या दोन वेळा दोन्ही वजनं निम्मी. खालची माती ओली असतानाच द्यायचं, एका वेळी ३-४ लिटर, भोकातून थोडं वाहेपर्यंत. दर बारा-पंधरा दिवसांनी. चमच्याने मोजू नका, दोनशे-तीनशे रुपयांचा काटा घ्या. सपाट चहाचा चमचा ४ ग्रॅमचाही निघतो आणि ७ चाही.

म्युरेटमध्ये क्लोराइड असतं. शेतात पावसाने ते खाली जातं, गमल्यात साचून पानाच्या कडा जाळतं. १३:०:४५ मिळालं नाही तर सल्फेट ऑफ पोटॅश (०:०:५०) लिटरला १ ग्रॅम.

पालाश वाढवलं की दीड-दोन महिन्यांत मॅग्नेशियम मागे पडू शकतं. जुन्या पानात कड आणि मधली शीर हिरवी, मधला पट्टा पिवळा, असं दिसलं तर ते. महिन्यातून एकदा एप्सम सॉल्ट (मॅग्नेशियम सल्फेट) लिटरला १ ग्रॅम, खताच्या दिवशी नाही. आणि कॅल्शियम नायट्रेट कधी आणलंत तर ते एप्सम किंवा १९:१९:१९ च्या बादलीत अजिबात टाकू नका, तळाशी पांढरा गाळ बसतो आणि दोन्ही वाया.

पोंगा_पाहणारी :
लोहाला हिराकस (फेरस सल्फेट) घालू नका, या सामूत ते दोन दिवसांत अडकतं. ईडीटीए वालं चिलेटही (लोह विरघळलेलं धरून ठेवणारं संयुग) इथे टिकत नाही. ईडीडीएचए असं लिहिलेलं घ्या. २ ग्रॅम २ लिटर पाण्यात, संध्याकाळी, मातीत. द्रावण बीटाच्या रसासारखं लालभडक असतं, गच्चीच्या पांढऱ्या टाइल्सवर सांडलं तर डाग राहतो. फिकट झालेलं पान पुरतं सुधारेलच असं नाही, निकाल पुढच्या पोंग्यात बघायचा. गरज पडली तर दीड महिन्याने पुन्हा.

आणि सगळं करपणं खतावर ढकलू नका. एप्रिल-मेमध्ये पश्चिमेची लू लागली की उन्हाच्या बाजूचं कुठलंही पान, नवं-जुनं न बघता, चिरफाळतं आणि सुकतं. झेब्रिनाला दोननंतर हिरवी जाळी हवीच. दुपारी पानाचे दोन्ही अर्धे खाली मिटले तर घाबरू नका, पाणी वाचवायची तिची रीत आहे. संध्याकाळी उघडले नाहीत तर मात्र मुळाशी बघा.

सेंद्रियवाला :
एवढी रसायनं कशाला? सालींचं पाणी आणि कंपोस्ट पुरतं की.

माळव्याचीमाती :
ज्या गावात ब्रिटिश शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ मध्ये कंपोस्टची 'इंदूर पद्धत' बसवली, तिथे कंपोस्टला नाही कोण म्हणेल! दर दोन महिन्यांनी दोन ओंजळी गांडूळखत आणि ५० ग्रॅम निंबोळी पेंड वरच्या मातीत मिसळाच, माती भुसभुशीत राहते. पण मोठी पानं फेकणाऱ्या केळीची भूक ४५ लिटर मातीत तेवढ्यावर भागत नाही. सालींच्या पाण्यात पालाश उतरतं ते अगदी किरकोळ, चिलटं मात्र भरपूर. साली कंपोस्टच्या डब्यात टाका.

दुसरं टोकही नको. बऱ्हाणपूरच्या केळीबागांतले झाडामागे शेकडो ग्रॅम खताचे आकडे घडासाठी आणि जमिनीसाठी असतात. इथे घड नको, पान हवं.

गच्चीकर :
सगळ्यांचे आभार. दोन शंका : पावसाळ्यात काय, आणि बाजूला चार मुनवे (कंदातून फुटलेली पिलं) आलेत ते ठेवू?

खोडकंद :
जूनच्या मध्यानंतर झड लागली की पातळ खत वाहूनच जातं. उघडीप बघून द्या, किंवा हळू विरघळणारे खताचे लेपित दाणे पाकिटावरच्या मात्रेच्या निम्मे. गमला बदलायचाही तोच काळ : काळी माती एक भाग, कोकोपीट एक, शेणखत किंवा गांडूळखत एक, जाड वाळू अर्धा. ऑक्टोबरपर्यंत खत चालू. रात्री १५ अंशांखाली जायला लागल्या, म्हणजे नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत, पूर्ण बंद. थंडीत वाढ थांबते, दिलेलं सगळं क्षार बनून बसतं आणि ओल्या मातीत कंद सडतो.

मुनव्यांपैकी तलवारीसारख्या अरुंद पानांचा एक ठेवा. बाकीचे कंदाच्या बुडाशी धारदार खुरप्याने कापा, वरवर कापलेत तर आठवड्यात पुन्हा पोंगा काढतील. मोडलेली तीन पानंही देठापासून दोन इंच सोडून काढून टाका. खोडाला चिकटलेलं सालपट ओढू नका.