६.७ आणि ६.८ इंची स्क्रीनचे दोन फोन : द्राक्षबाग आणि बेदाण्याच्या कामासाठी कोणता घ्यावा?

द्राक्षबाग_मणेराजुरी :

नमस्कार. तासगाव तालुक्यात आमची साडेतीन एकर द्राक्षबाग आहे आणि निम्म्याहून अधिक मालाचा आम्ही बेदाणा करतो. पाच वर्षे वापरलेल्या फोनच्या स्क्रीनवर आता उभी हिरवी रेघ आली आहे, त्यामुळे फळछाटणीच्या आधी नवा फोन घेणे भाग आहे. घरात बरीच चर्चा होऊन दोन नावे उरली आहेत : सॅमसंग गॅलेक्सी एस२४ अल्ट्रा (६.८ इंच) आणि आयफोन १६ प्लस (६.७ इंच). बाजारात आले तेव्हा पहिल्याची किंमत १,२९,९९९ रुपये आणि दुसऱ्याची ८९,९०० रुपये होती, परंतु आमच्याकडच्या दुकानांत आता या दोघांमधले अंतर बरेच कमी झाले आहे, म्हणून निर्णय केवळ पैशावर सोडता येत नाही.

माझे काम सांगतो, म्हणजे उत्तर देणे सोपे जाईल. छाटणीनंतर डावणी आणि भुरी या बुरशीजन्य रोगांच्या दिवसांत रोज सकाळी पानांचे फोटो काढून सल्लागारांना पाठवावे लागतात. तेलकट पिवळा डाग पानाच्या वर दिसतो, पण खात्री होते ती पानाखालच्या पांढऱ्या बुरशीवरून, आणि ती स्पष्ट टिपली गेली नाही तर फवारणी कोणती घ्यावी हे तेही ठामपणे सांगू शकत नाहीत. २०१९ च्या लांबलेल्या पावसात एका दिवसाच्या उशिराची किंमत काय असते ते आमच्या भागाने पाहिले आहे. सध्याचा फोन उन्हात इतका काळा दिसतो की डोक्यावरची टोपी काढून तिची सावली फोनवर धरून मी फोटो तपासतो.

दुसरे काम हिशेबाचे. तारीख, औषध, प्रमाण, पाणी आणि मजुरी असा तक्ता मी फोनवरच ठेवतो. मागच्या हंगामात मजुरीचा शेवटचा रकाना स्क्रीनच्या बाहेर राहिल्यामुळे डिपिंगला, म्हणजे घड औषधात बुडवण्याच्या कामाला, आलेल्या टोळीची उचल मी दोनदा धरली आणि त्यांच्या देखत मला चूक कबूल करावी लागली. कष्टाचे पैसे होते, म्हणून ती गोष्ट अजून मनाला लागून आहे. शिवाय वडील ७२ वर्षांचे असून मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर तेही याच फोनवर बेदाण्याचे दर वाचतात.

एक दशांश इंच मोठी स्क्रीन खरोखर उपयोगाची आहे का, आणि या कामांसाठी दोघांपैकी कोणता फोन उजवा आहे, हे अनुभवी मंडळींनी सांगावे.

गणित_मिरज :

फोनची जाहिरात ज्या इंचांत केली जाते ते इंच कर्णाचे असतात, रुंदीचे नव्हेत, आणि आपला तक्ता मात्र रुंदीत मावायचा असतो. म्हणून दोन्ही स्क्रीनची रुंदी पिक्सेलच्या प्रमाणावरून काढून पाहिली. आयफोन १६ प्लसची स्क्रीन १२९० बाय २७९६ पिक्सेलची आहे, त्यावरून तिची रुंदी ७.१३ सेंटिमीटर येते. एस२४ अल्ट्राची स्क्रीन १४४० बाय ३१२० पिक्सेलची असून रुंदी ७.२४ सेंटिमीटर येते. म्हणजे फरक जेमतेम एका मिलिमीटरचा आहे.

याहून लक्षात घेण्याजोगी गोष्ट जुन्या फोनची आहे. सॅमसंगने २०११ मध्ये पहिला गॅलेक्सी नोट आणला तेव्हा त्याची ५.३ इंची स्क्रीन लोकांना अवाढव्य वाटली होती. ती ८०० बाय १२८० पिक्सेलची, म्हणजे आजच्या मानाने आखूड आणि रुंद होती, आणि तिची रुंदीसुद्धा ७.१३ सेंटिमीटरच येते. या सगळ्या वर्षांत इंच ५.३ वरून ६.७ वर गेले, पण ते सगळे उंचीत गेले. उंची साडेअकरा सेंटिमीटरच्या आतून साडेपंधराच्या घरात पोहोचली आणि रुंदी जिथल्या तिथे राहिली, कारण माणसाच्या मुठीचे माप बदललेले नाही. लांबलचक संदेश किंवा बातमी वाचताना या उंचीचा फायदा होतो, परंतु पाच रकान्यांच्या तक्त्याला उभ्या फोनवर तिचा काडीचाही उपयोग नाही.

तेव्हा तक्ता पाहताना फोन आडवा धरावा. आडव्या स्थितीत दोन्ही फोनवर पंधरा सेंटिमीटरहून अधिक रुंदी मिळते आणि पाचही रकाने वाचण्याजोगे दिसतात. तारखेचा रकाना आणि वरची ओळ गोठवून, म्हणजे तक्ता सरकवला तरी जागेवरच, ठेवण्याची सोय तक्त्याच्या ॲपमध्ये असते, ती वापरावी, आणि मजुरीचा रकाना शेवटी न ठेवता तारखेच्या लगेच पुढे घ्यावा. उचल दोनदा धरण्याची चूक मोठ्या स्क्रीनपेक्षा या बदलाने अधिक खात्रीने टळेल. आपल्या वडिलांच्या बाबतीत अक्षरांचा आकार महत्त्वाचा आहे. तो दोन्ही फोनमध्ये पुष्कळ वाढवता येतो, आणि साऱ्या सेटिंगसुद्धा मराठीत करून घेता येतात.

बेदाणापेठ_सांगली :

दादा, मी मार्केट यार्डात बेदाण्याचा व्यापार पाहते, म्हणून आपण न विचारलेल्या एका मुद्द्यावर थोडे सविस्तर लिहिते. आपल्या मालाचा दर रंगावर ठरतो. हिरवा, पिवळा आणि काळा हे तर झालेच, पण हिरव्यातही किंचित पिवळसर झाक असली तर किलोमागे दर खाली येतो. सौद्याच्या वेळी माल समोर असतो आणि व्यापारी मूठभर बेदाणा हातात घेऊन उजेडाला धरतो, तेव्हा फोनचा संबंध येत नाही. मात्र कोल्ड स्टोरेजमधल्या मालाचे व्यवहार आता फोटोवरून सुरू होतात, आणि तिथे स्क्रीन खरे बोलते की नाही याला फार महत्त्व आहे.

सॅमसंगच्या स्क्रीनच्या सेटिंगमध्ये विविड आणि नॅचरल असे दोन पर्याय असतात. पहिल्यात रंग मुळापेक्षा गडद दिसतात, आणि त्यात पाहिलेला हिरवा बेदाणा प्रत्यक्षातल्या मालापेक्षा अधिक हिरवा वाटतो. शेतकरी त्या रंगावर भरवसा ठेवून दर सांगतो, समोरचा माणूस माल उघडून पाहतो आणि मग दोघांनाही आपण फसवले गेलो असे वाटते, जरी खोटे कोणीच बोललेले नसते. असा वाद माझ्यासमोर झालेला आहे आणि त्यात वर्षानुवर्षांचा एक चांगला संबंध तुटला. म्हणून गॅलेक्सी घेतल्यास पहिल्या दिवशी नॅचरल हा पर्याय निवडावा. आयफोनचे रंग मुळातच संयत असतात, पण त्यातही ट्रू टोन नावाची सोय खोलीतल्या उजेडाप्रमाणे स्क्रीनचा पांढरा रंग बदलते, आणि पिवळ्या बल्बखाली पांढरा कागदही पिवळट दिसू लागतो. माल पाहताना तीही बंद ठेवावी.

फोटो काढताना ट्रेच्या कडेला एक कोरा पांढरा कागद ठेवावा, शेडच्या हिरव्या जाळीखाली फोटो घेऊ नये आणि फ्लॅश मारू नये. कागद पांढरा दिसला तर बेदाण्याचा रंग खरा समजावा. ही तीन पथ्ये पाळली तर या कामासाठी दोन्ही फोन सारखेच चांगले आहेत, त्यामुळे माझ्या दृष्टीने आपली निवड बागेतल्या कामावर ठरायला हवी.

विश्रामबाग_वाचक :

एवढा खर्च करायचाच असेल तर घडीचा फोन का पाहत नाही? गॅलेक्सी झेड फोल्ड ६ उघडला की ७.६ इंचांची जवळजवळ चौकोनी स्क्रीन मिळते, आणि वर मिरजेच्या सरांनी सांगितलेल्या रीतीने हिशेब केला तर तिची रुंदी साडेबारा सेंटिमीटर भरते. तक्त्यासाठी याहून सोयीचे दुसरे काही नाही.

पलूस_बागायत :

विश्रामबागेतल्या मित्रांची सूचना कार्यालयात बसणाऱ्यासाठी योग्य आहे, परंतु बागेसाठी मी ती मनापासून नाकारतो. झेड फोल्ड ६ चे धूळ-पाण्यापासूनचे संरक्षण आयपी४८ या दर्जाचे आहे. यातला पहिला आकडा धुळीचा असतो, आणि ४ याचा अर्थ एक मिलिमीटरपेक्षा मोठे कण आत जात नाहीत, एवढाच होतो. आपल्या बागेत भुरीसाठी गंधकाची धुरळणी होते, ट्रॅक्टरचा ब्लोअर चालतो आणि उन्हाळ्यात बांधावरची माती पिठासारखी उडते. ते कण बिजागरीत शिरणारच. एस२४ अल्ट्रा आणि आयफोन १६ प्लस हे दोन्ही आयपी६८ दर्जाचे आहेत, म्हणजे धूळ पूर्ण बंद. तरीही फवारणीचे औषध लागलेला फोन नळाखाली धरू नये, कारण तो दर्जा गोड्या पाण्याच्या चाचणीवर दिलेला असतो. ओल्या फडक्याने पुसणे बरे.

आता मूळ प्रश्नाकडे वळतो. मी स्वतः एस२४ अल्ट्रा वापरतो, म्हणून त्याचे दोष आधी सांगतो. तो २३२ ग्रॅम वजनाचा आहे आणि आयफोन १६ प्लस १९९ ग्रॅमचा. तेहतीस ग्रॅम ऐकायला किरकोळ वाटतात, पण एका हाताने वेल बाजूला करून दुसऱ्या हाताने मांडवाखाली फोटो काढताना मनगटाला ते जाणवतात. शिवाय त्याचे कोपरे टोकदार असल्याने सदऱ्याच्या खिशात तो टोचतो.

उन्हात मात्र तो फार चांगला आहे. स्क्रीनच्या उजेडाचे माप निट्समध्ये सांगतात; सॅमसंगचा आकडा २६०० निट्स आणि आयफोनचा २००० निट्स असा आहे, पण खरा फरक त्या आकड्यांत नसून काचेत आहे. एस२४ अल्ट्राच्या काचेवर आकाशाचे प्रतिबिंब बरेच कमी पडते, त्यामुळे बारा वाजताही पानाचा फोटो मोठा करून तपासता येतो. पानाखालची बुरशी जवळून टिपण्याची सोय दोन्ही कॅमेऱ्यांत आहे, तथापि अल्ट्राच्या तीनपट झूमने हातभर अंतरावरून घड टिपता येतो आणि फोनची सावली घडावर पडत नाही. त्यातला पेन हा तर आपल्यासाठी खरा लाभ आहे. फोटोवर नेमक्या डागाभोवती गोल काढून मी तो सल्लागारांकडे पाठवतो, मग कोणता डाग विचारतो आहे हे शब्दांत सांगत बसावे लागत नाही. स्क्रीनखालच्या थरातूनच पेनाला शक्ती मिळत असल्याने लिहिण्यासाठी त्याला चार्जिंग लागत नाही. आयफोनला ॲपल पेन्सिल चालत नाही.

आणखी एक व्यवहाराची गोष्ट. भारतात विकल्या जाणाऱ्या आयफोन १६ प्लसमध्ये एक साधे सिम आणि एक ई-सिम (फोनमध्येच असलेले, काढता न येणारे सिम) चालते, अल्ट्रामध्ये दोन साधी सिम बसतात. बागेत एका कंपनीची रेंज असते आणि घरी दुसऱ्याच कंपनीची, अशी आपली गत असल्याने सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये टाकण्याची सोय मला गरजेची वाटते. टिकण्याच्या बाबतीत दोघेही निश्चिंत राहावे असे आहेत. सॅमसंगने या फोनला सात वर्षे अपडेटचे आश्वासन दिले आहे, आणि ॲपलचा मागचा अनुभव पाहिला तर २०१८ च्या आयफोन एक्सएसला २०२४ चे आयओएस १८ हे अपडेट मिळाले होते.

द्राक्षबाग_मणेराजुरी :

सर्वांचे मनापासून आभार. आपण सांगितलेल्या गोष्टी प्रत्यक्ष पाहाव्यात म्हणून परवा वडिलांना घेऊन सांगलीला गेलो होतो. सोबत बागेतले डाग पडलेले पान, कागदाच्या पुडीत थोडा बेदाणा आणि माझा तक्ता नेला होता. दुकानदार भला माणूस होता. त्याने दोन्ही फोन दुकानाबाहेर, भर दुपारच्या उन्हात धरू दिले.

मिरजेच्या सरांचे म्हणणे अक्षरशः खरे ठरले. उभ्या स्थितीत दोन्ही फोनवर चौथा रकाना अर्धा कापला जात होता, आडव्या स्थितीत पाचही दिसले. ताईंच्या सांगण्याप्रमाणे पांढऱ्या कागदावर बेदाणा ठेवून फोटो काढला. विविडमध्ये आमचा माल आमचा वाटेना, नॅचरल केल्यावर पुडीतला दाणा आणि स्क्रीनवरचा दाणा सारखा दिसला. उन्हात मात्र फरक स्पष्ट होता. आयफोनच्या काचेत मला समोरच्या इमारतीच्या खिडक्या मोजता येत होत्या, अल्ट्रामध्ये पानाच्या शिरा दिसत होत्या.

वडिलांचे मत वेगळे पडले. त्यांना आयफोन हातात हलका आणि गुळगुळीत वाटला, आणि अल्ट्राचे कोपरे मलाही बोचले. पण अक्षरे मोठी करून दर वाचायला दिले तेव्हा दोन्हीवर त्यांना सारखेच वाचता आले, आणि घरी ते फोन पलंगावर टेकवूनच वाचतात, म्हणून वजनाचा मुद्दा त्यांनीच मागे घेतला. आम्ही एस२४ अल्ट्रा घेतला. मजुरीचा रकाना त्याच रात्री तारखेच्या पुढे आणला आणि मागच्या हंगामातल्या टोळीचा हिशेब पुन्हा तपासून पाहिला.

एक शंका राहिली आहे. दुकानात टेम्पर्ड ग्लास बसवून देत होते, ती बसवून घ्यावी का?

पलूस_बागायत :

साधी टेम्पर्ड ग्लास बसवू नका. ती वर आली की प्रतिबिंब पुन्हा तिच्यावरच पडते आणि ज्या काचेसाठी आपण हा फोन निवडला ती झाकली जाते. बसवायचीच असेल तर प्रतिबिंब रोखणारी फिल्म मिळते, ती घ्यावी, आणि मागे जाड कडांचे कव्हर मात्र आजच लावा, म्हणजे कोपरेही बोचणार नाहीत.