अमेरिकेत नववीचे मार्क किती नडतात? तुमचे अनुभव लिहा

लेकीला नववीत दोन सी (ए-बीच्या खालची ग्रेड) आले, बायॉलॉजी आणि जिऑमेट्री. मी लातूरची. आमच्याकडे नववी म्हणजे दहावीची रंगीत तालीम. बोर्डाचा निकाल लागला की नववीचं प्रगतिपुस्तक कोण बघतंय! इथे हायस्कूलची नववी ते बारावी चारही वर्षं एकाच ट्रान्स्क्रिप्टवर (कॉलेजला जाणाऱ्या गुणपत्रकावर) येतात हे कळेपर्यंत ती दहावीत गेली होती. आम्ही सॅन होजेला राहतो. ज्यांची मुलं यातून गेली त्यांनी नेमकं काय झालं ते लिहा. ‘होईल सगळं नीट’ एवढंच नको.

फ्रीमाँटहून एक बाबा
ताई, कॅलिफोर्नियात आहात हे बरं. युसी (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया) जीपीए, म्हणजे ग्रेडची सरासरी, काढताना नववीनंतरच्या सुट्टीपासून अकरावीनंतरच्या सुट्टीपर्यंतचेच ए-जी विषय (प्रवेशासाठी लागणारे ठरावीक विषय) धरते. नववीचे ग्रेड अर्जात लिहावे लागतात, बेरजेत येत नाहीत. सी पुन्हा घ्यायला लावू नका, युसी तो धरत नाही. डी किंवा एफ (नापास) असता तर गोष्ट वेगळी. आमचा मुलगा वेगळ्याच ठिकाणी अडकला. नववीत गणित कच्चं राहिलं म्हणून शाळेने पुढच्या वर्षी ऑनर्सला (वरच्या पातळीच्या वर्गाला) घेतलं नाही, आणि बारावीपर्यंत कॅल्क्युलस बीसी हा गणिताचा वरचा कोर्स गाठताच आलं नाही. इंजिनिअरिंगला तेच नडलं, असं माझं मत. युसीच्या डेव्हिस कॅम्पसला गेला, मजेत आहे.

न्यू जर्सीहून, मी स्वतः ती मुलगी
नववीच्या मध्यावर, जानेवारीत, ठाण्याहून इथे आले. हिस्ट्रीत सी मायनस. निबंधाला थीसिस (स्वतःचा मुख्य मुद्दा) लागतो हेच माहीत नव्हतं, मी पाठ केलेल्या सनावळ्या उतरवून आले! कॉमन ॲपच्या (अनेक कॉलेजांना चालणाऱ्या एकाच अर्जाच्या) जादा माहितीच्या रकान्यासाठी आईने दोन पानी रडगाणं लिहून दिलं होतं. मी तीन ओळी ठेवल्या: कधी आले, काय आलं नाही, अकरावीत एपी (कॉलेजच्या पातळीच्या) हिस्ट्रीत किती मिळाले. काउन्सेलरनेही पत्रात तेच लिहिलं. सात अर्ज, पाच नकार, एक वेटलिस्ट, एक होकार. नकार सी मायनसमुळेच आले का, हे कुणी सांगत नाही.

टेक्सास
इथे रँकचा, म्हणजे वर्गातल्या क्रमांकाचा खेळ. १९९७च्या कायद्याने वर्गातल्या पहिल्या दहा टक्क्यांना सरकारी विद्यापीठांत थेट प्रवेश, पण यूटी ऑस्टिनला (युनिव्हर्सिटी ऑफ टेक्सास) मुलाच्या वेळी सहाच टक्के होते (२०२६पासून पाच). मुलगा सातव्या टक्क्यात. आमच्या डिस्ट्रिक्टने आठवीतला अल्जिब्राही रँकमध्ये धरला होता. आठवीतला!

सॅक्रामेंटो
आमच्याकडे सी नव्हे, एफ. तोही तीन विषयांत. बारावीनंतर मुलगा कम्युनिटी कॉलेजात (दोन वर्षांचं स्थानिक कॉलेज) गेला. पुण्यात आजी कुणी विचारलं की ‘कॉलेजात आहे हो’ एवढं म्हणून विषय बदलायची. कम्युनिटी कॉलेजात अटी पूर्ण केल्या तर युसीचे सहा कॅम्पस टॅग या योजनेखाली प्रवेशाची हमी देतात. बर्कली, एलए, सॅन डिएगो त्यात नाहीत. शाळेचे ग्रेड कुणी विचारले नाहीत. दोन वर्षांनी अर्व्हाइनला गेला. आता आजी कॅम्पसच्या नावासकट सांगते.

धागाकर्ती
फ्रीमाँटवाले दादा, सी पुन्हा घेण्यासाठी समर स्कूलचे पैसे कालच भरले होते. परत मागते.